शनिवारचा भात

शनिवार उजाडला की थोंगयिपच्या कपाळाला आठी पडायची. पूर्वी होडीतून भिक्षेला येणारे भन्ते सडक झाल्यापासून पायीच येत. पण तालुक्याच्या साहेबांना पाहुण्यांपुढे नदीचा वारसा मिरवायचा होता. म्हणून शनिवारी म्हाताऱ्या भन्तेंनी होडी वल्हवत यायचं आणि हिने सुजलेले गुडघे घेऊन धक्क्याच्या पायरीवर ताटकळत बसायचं.

आजही होडी लागली. भन्ते धापा टाकत होते. थोंगयिपने डावभर भात त्यांच्या पात्रात घातला आणि हात जोडले. एके काळी ह्याच माणसाला ती दोन्ही वेळा वाढायची. एका पावसाळ्यापुरतं चीवर घेऊन भिक्खू होतो, म्हणून नवऱ्याने तिची परवानगी मागितली होती. तिने दिली, आणि तो कायमचा विहारातच राहिला. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, नव्याने आलेल्या साहेबांना तेवढं नव्हतं.

"आजी, फोटो हलला हो," साहेब वरून ओरडले. "परत एकदा घाला बघू."

"भात संपला."

"मग त्यांच्या पात्रातलाच काढा की! लगेच परत घालायचाय."

भन्तेंनी मान खाली घातली. थोंगयिप गुडघ्यावर हात टेकून कशीबशी उठली.

"दान दिलेलं परत घेत नसतात, साहेब," ती म्हणाली. "घेता आलं असतं, तर भात कशाला, ह्यांनाच नसतं का घरी नेलं?"