डाव्या बुटाची टाच

बूट दुरुस्त करणाऱ्याला माणसाचं तोंड बघावं लागत नाही. बूट उलटा केला, तळ बघितला की पुरे. कोण तिरका चालतो, कोण पाय ओढतो, सगळं तिथं लिहिलेलं असतं. चाळीस वर्षं हे वाचन केलेल्या त्या म्हाताऱ्यानं आपल्या पोटच्या पोराचा बूट मात्र वाचूनही न वाचल्यासारखा केला. त्याचीच ही गोष्ट.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्रातलं एक कात्रण चौकटीत लावलेलं. चेंडू सोडताना हवेत उडालेला मुलगा आणि खाली मोठ्या अक्षरात नाव : ‘तोफ’. देशाच्या संघातला सगळ्यात वेगवान गोलंदाज. गिऱ्हाईक बूट घालून बघत असलं तरी म्हातारा त्याची नजर त्या चौकटीकडे वळवल्याशिवाय सोडत नसे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तोफ घरी आली. म्हणजे मुलगाच आला, पाठीला पिशवी लावून.

“बाबा, डाव्या बुटाची टाच जरा सारखी करून द्या. उद्या तपासणी आहे, परवा दौऱ्यावर निघायचंय.”

“ठेव. चहा घे आत जाऊन,” म्हातारा म्हणाला आणि त्यानं बूट उलटा केला.

टाचेची बाहेरची कड पुन्हा खाल्ली गेली होती. या वेळी खिळ्यापर्यंत.

वेगवान गोलंदाज वीस-पंचवीस पावलं धावत येतो आणि चेंडू सोडताना सगळं अंग एका पायावर आदळतो. त्याचा तो पाय डावा. पंधरा वर्षं ही टाच मधोमध झिजत आली होती. चार महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा बाहेरून झिजलेली दिसली. माणूस वरचं काही वाचवायला लागला, गुडघा म्हणा, कंबर म्हणा, पाठ म्हणा, की पाय असा पडतो. म्हाताऱ्याला ते त्या क्षणी कळलं होतं. आणि त्यानं काय केलं? चामड्याची पट्टी कापली, चिकटवली, कानशीनं घासली, वरून रंग दिला. नव्यासारखी टाच! मुलाला एका शब्दानं विचारलं नाही. मुलानंही सांगितलं नाही. बाप-लेक दोघं एका माळेचे मणी.

कारणही तसंच होतं. संघाच्या फिजिओबाई मोठ्या चौकस. तपासणीला खेळाडूंचे बूटसुद्धा उलटे करून बघायच्या. शिवाय रोज सकाळी एक कागद फिरायचा. किती दुखतंय, शून्य ते दहा, आकडा लिहा. मुलगा एकदा हसत म्हणाला होता, “बाबा, फलंदाज शून्याला एवढे घाबरतात, पण त्या कागदावर सगळेच शून्य काढतात! एक लिहिला की माणूस बाकावर. बाकावर बसला की विसरला.”

म्हाताऱ्यानं चामड्याचा तुकडा उचलला. तेवढ्यात आतून बायको आली. दाराला टेकून उभी राहिली.

“अहो, त्याचा मोजा खाली पडला होता.”

“मग?”

“त्यानं तो पायाच्या बोटांनी उचलला. वाकला नाही. आणि आत्ता पायातल्या साध्या बुटाची नाडी बांधताना पाय खुर्चीवर ठेवला, तरी तोंड असं केलं बघा, जसं कुणी चावलंय.”

“एवढी मॅच खेळतो, थोडं आखडणारच की.”

“तुमच्या हातात काय आहे?”

म्हाताऱ्यानं बूट मांडीआड सरकवला. आतून मुलगाच बाहेर आला.

“आई, उगाच राईचा पर्वत करू नकोस. एक इंजेक्शन घेतलं की दिवसभर काही कळत नाही.”

“कळत नाही म्हणजे नसतं का रे? डोळे मिटले म्हणून भिंत हलते?”

“आई, शहाण्णव बळी झालेत. चार राहिले, फक्त चार! शंभर झाले की मी स्वतःच थांबतो. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकली तरी आतला काटा आपल्याच हाताला टोचतो, बाळा.”

“वेगवान गोलंदाज रडत नसतो. विचार बाबांना. त्यांच्याच तोंडचं वाक्य आहे.”

ते खरं होतं. अकरा वर्षांचा असताना नडगीवर चेंडू बसून तो रडला, तेव्हा बापानं सगळ्या गल्लीदेखत म्हटलं होतं, “रडतोस काय मुलीसारखा?” वर आपल्या अंगठ्याची गोष्ट सांगितली होती. उजव्या अंगठ्यात चामडं टोचायची आरी आरपार गेली, तरी चिंधी बांधून दिवसभर काम केलं, हूं की चूं केलं नाही! ती गोष्ट म्हाताऱ्यानं पुढं शंभरदा सांगितली. दरवेळी तेवढ्याच अभिमानानं.

बायको आज पहिल्यांदा त्या गोष्टीच्या आड आली.

“अंगठ्याची गोष्ट सांगता, पण शेवट सांगत नाही. वेळेवर दाखवला असतात तर तो अंगठा वाकला असता. सव्वीस वर्षं तुमच्या शर्टाची बटणं मी लावते आहे. सांगितलंत कधी याला? आणि मुली रडतात म्हणे! रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तरी कुठं रडले तेव्हा? मीही गप्पच बसले. या घरात गप्प बसण्याचंच कौतुक!”



म्हाताऱ्यानं आपला ताठ अंगठा बघितला. मग हातातली टाच बघितली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. हे तर मुंगीच्या पावलानं आलं होतं, आणि त्या मुंगीची वाट याच हातांनी चार महिने पुसली होती!

“बाबा, करताय ना?”

“नाही.”

“म्हणजे?”

“बूट खोटं बोलत नाही रे. मीच त्याला खोटं बोलायला शिकवलं. चार महिन्यांपूर्वीच मला दिसलं होतं. मी विचारलं नाही, कारण तू खरं सांगशील याची मला भीती वाटली. भिंतीवरची ती चौकट उतरेल म्हणून! चूक तुझी नाही, माझी आहे. पण आता विचारतो. कुठं दुखतं?”

मुलानं रागानं बूट हिसकावून पिशवीत कोंबले. “यापेक्षा बाहेरचे वैरी परवडले,” एवढं बोलून तो निघाला. उंबऱ्यापाशी मात्र थांबला. पाठ फिरवूनच म्हणाला, “कमरेच्या वर. डाव्या बाजूला. झोपेत कूस बदलता येत नाही.”

आणि गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते बूट तसेच फिजिओबाईंच्या टेबलावर उलटे ठेवले. कागदावर आठ लिहिले. एक्स-रे काढला, तर पाठीच्या मणक्याला तडा! डॉक्टर म्हणाले, आणखी एक दौरा केला असता तर चालण्याचीही खात्री नव्हती. संघ त्याच्याशिवाय गेला. वर्तमानपत्रांनी दोन दिवस ‘तोफ थंडावली’ असं छापलं आणि तिसऱ्या दिवशी दुसरं नाव धरलं. शहाण्णवचे शहाण्णवच राहिले. ते दुःख खोटं नव्हतं. कितीतरी दिवस तो बापाशी धड बोलला नाही.

पण एक गोष्ट फिजिओबाईंनी मुद्दाम फोन करून कळवली. तो संघाबाहेर पडल्याच्या दुसऱ्या सकाळी कागद फिरला, तेव्हा संघातल्या चौघांनी शून्य लिहून खोडलं होतं. कुणी तीन, कुणी पाच.

नऊ महिन्यांनी मुलगा दुकानात आला, स्टुलावर बसला, खाली वाकला आणि त्यानं स्वतःच्या बुटाची नाडी बांधली. आई दारातून बघत होती.

“बाबा, पुन्हा खेळेन की नाही माहीत नाही,” तो म्हणाला.

“मलाही नाही,” म्हातारा म्हणाला. मग आतल्या दाराकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा, “अगं, जरा बटण लावून दे गं. अंगठा दुखतोय.”

मंडळी, सोसणाऱ्याला आपण वाघ म्हणतो, टाळ्या वाजवतो, आणि त्या टाळ्यांत त्याचं कण्हणं बुडवून टाकतो. मैदानावर, कारखान्यात, स्वयंपाकघरात, सगळीकडे हीच रीत. दुखतंय म्हणणं हा भित्रेपणा नव्हे; ते म्हणायला छाती लागते. आणि ज्याला दुसऱ्याचं दुखणं दिसतं, त्यानं त्यावर रंग लावू नये. जवळ बसावं आणि विचारावं, कुठं दुखतं?