तोमिरिसचं वेगळं पातेलं

मी एक पातेलं. निळं, इनॅमलचं, दोन वाट्या मावतील एवढंच. बोलणं माझं काम नाही, पण या घरात ज्यांनी बोलायचं ते गप्प बसले, म्हणून मी बोलतंय.

आमच्या तराझ शहराच्या बाजारातून झादिराने मला आणलं ते तिच्या तीन वर्षांच्या मुलीसाठी, तोमिरिससाठी. पोरीला गहू चालत नाही, दूध चालत नाही, अंड्याचं तर नावच काढायचं नाही. आणि जन्मली कुठे, तर जिथे पाव आणि दुधाच्या चहाशिवाय कुणी पाहुण्याला उठू देत नाही तिथे. झादिराने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं की यात दुसरा कुठलाही चमचा जायचा नाही.

माझ्यात गव्हाचा अंश नसलेल्या कुट्टूच्या दाण्यांची खिचडी शिजायची, नाहीतर बटाटा आणि घोड्याचं मटण. मीठ टाकायच्या आधीही झादिरा हात धुवायची. तिची सासू कुल्याश बाजूला उभी राहून टोमणे मारायची.

"आम्ही सात पोरं वाढवली. एकालाही दूध बाधलं नाही."

"आई, तिला खरंच त्रास होतो हो."

"त्रास तुझ्या डोक्यात आहे, सूनबाई. पोरीची हाडं दिसायला लागली. लोक मला विचारतात."

झादिराचा नवरा मरलान खाली मान घालून चहा प्यायचा. मी रिकामं असतानाही त्याच्याइतकं पोकळ नसतं.

सप्टेंबरात कुल्याशच्या पुतण्याचं लग्न झालं. आमच्याकडे मेजवानीहून रिकाम्या हाताने येत नाहीत. ताटातला वाटा रुमालात बांधून घरच्या मुलांसाठी आणतात. त्यात यजमानाचा आशीर्वाद असतो, तो नाकारणं अशुभ. कुल्याशच्या रुमालात बाउरसाक होते, दुधात मळलेल्या कणकेचे तळलेले गोळे. झादिरा अंगणात कपडे वाळत घालत होती. म्हातारीने माझं झाकण काढलं आणि एक बाउरसाक रश्शात कुस्करला.

"खा गं सोनुले, सगळ्यांचे आशीर्वाद आहेत यात. आईला नाही सांगायचं हं."

मला ओरडता आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

चार घासांत पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला. झादिरा धावत आली, डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेली औषधाची सुई पोरीच्या मांडीत टोचली, उचलून दवाखान्यात नेलं. तीन दिवसांनी पोर घरी आली.

"मी काय विष घातलं का?" कुल्याश रडत म्हणाली. "मायेनेच दिलं ना?"

मरलान अखेर बोलला, तोही बायकोलाच. "आता आईला काही म्हणू नकोस. तू लक्ष ठेवलं असतंस तर झालं नसतं."

झादिराने मला तीनदा उकळत्या पाण्यात घातलं. मग खिचडी केली. तोमिरिसने मला पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"मीच केलीय, राणी. बघ, आधी मी खाते."

"तुला काही होत नाही," पोर म्हणाली.

झादिराने मला बाजूला सारलं.

आता घरात पिवळं पातेलं आलंय आणि मी अंगणात कोंबड्यांच्या पाण्यासाठी पडलंय. त्याचं मला काही नाही. फक्त एक सांगणं आहे. कुणाच्या घरी असं वेगळं पातेलं दिसलं, तर तुमची माया त्यात घालू नका.

आतून झादिराचा आवाज येतो, "एकच घास, राणी." मग भरलेला चमचा तसाच पातेल्यात परत ठेवल्याचा.