सत्तावीस चमचे

सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत सत्तावीस जण आले. पंधरा पुरुष, बारा बायका. पाच जणांनी शहाळी आणली, दोघांनी बिस्किटांचे पुडे. सत्तावीसही जणांनी उशाशी ठेवलेल्या तांब्यातून तात्यांच्या तोंडात चमचाभर पाणी घातले. चमचा पितळी होता. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मी तो मोजला. सात मिलिलिटर.

तात्यांना घरी सोडताना बारामतीच्या डॉक्टरांनी पप्पांना आणि मला समोर बसवून सांगितले होते, "अर्धांगवायूच्या दुसऱ्या झटक्यात गिळायची ताकद गेलीय. पाणी दिलंत तर पोटात न जाता फुप्फुसात जाईल. ओल्या कापसानं ओठ पुसा, बाकी काही नको. त्यांना शांत झोपू द्या." पप्पा मान हलवत होते. गाडी कोऱ्हाळ्यात पोचेपर्यंत ते सगळे विसरले.

तात्या म्हणजे माझे आजोबा, झुंबर. डाव्या कालव्यावर तेहतीस वर्षे पाटकरी होते. ज्याची पाळी असेल त्याच्या रानाला पाणी सोडायचे आणि वेळ संपली की दार बंद करायचे, हे त्यांचे काम. दहा मिनिटे जास्त त्यांनी कुणाला दिली नाहीत, स्वतःच्या मेव्हण्यालाही नाही. त्यापायी शिव्या खाल्ल्या. आता तेच सगळे येत होते आणि म्हणत होते,

"आमच्या उसाला ह्यांनी पाणी दिलं, आन आमी ह्यांना दोन थेंब द्यायचं न्हाय व्हय?"

प्रत्येक चमच्यानंतर तात्यांना ठसका लागे. छातीत घरघर सुरू होई आणि ती उतरायच्या आत पुढचा माणूस दारात असे. दोन दिवसांत ते सलग दहा मिनिटे झोपले नव्हते. त्यांनी ओठ मिटले की कुणीतरी हनुवटी धरून अंगठ्याने तोंड उघडायचे. तात्यांनी डाव्या हाताने चमचा लोटला तर लोक म्हणायचे, "बघा, हात जोडाया बघत्यात."

"आजी, थांबव यांना," मी म्हणाले.

"दारात आलेल्याला न्हाय कसं म्हणायचं गं? जाणाऱ्याच्या तोंडात पाणी पडाया पायजे."

"पडलं की. सत्तावीस वेळा पडलं."

"मोजत बसलीस व्हय?" वरकुट्याहून आलेली संजीवनीआत्या म्हणाली. "पुण्याला शिकली म्हणून देवाच्या वर गेली ही!"

पप्पा अंगणात खुर्च्या मांडत होते.

"नंदू, दोन-चार दिसांचा प्रश्न हाय," ते म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, गोकुळनं बापाला पाण्यावाचून मारलं."

"आणि पाण्यानं मारलं, तर कुणी काही म्हणणार नाही?"

"हळू बोल."

मी स्वयंपाकघरात गेले. तोच चमचा घेतला आणि चहाच्या काचेच्या ग्लासात पाणी मोजून ओतत गेले. सत्तावीस चमच्यांत दोन ग्लास भरले. ते आजीपुढे नेऊन ठेवले.

"यातलं थोडं सांडलं असेल. बाकीचं आत गेलंय, छातीत."

आजीने एक ग्लास उचलून उजेडात धरला. "एवढं?"

"हे आजचं. कालचं मी मोजलं नव्हतं."

तिने ग्लास खाली ठेवला.

बारा वाजता सर्जेराव आले, घरून चांदीचा चमचा घेऊन. कालव्याच्या तोंडाशी त्यांचा नऊ एकर ऊस. मी जन्मायच्या आधी एका उन्हाळ्यात त्यांनी पाळी नसताना पाणी मागितले होते. तात्यांनी दिले नाही, तेव्हा पाटकरी दारू पिऊन दार उघडे टाकतो, अशी तक्रार सर्जेरावांनी केली. आयुष्यात कधी दारूला न शिवलेला माणूस सात महिने निलंबित होऊन घरी बसला आणि आजी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली. चौकशीत काही निघाले नाही. माफीही कुणी मागितली नाही.

"झुंबरराव, वळखलं का?" सर्जेराव ओरडले. तात्यांना ऐकू चांगले येत होते. "माझ्या हातचं घोटभर घ्या. म्हंजी मागचं समदं मिटलं." मग मागे वळून म्हणाले, "कुणीतरी फोटू काढा. गावच्या ग्रुपवर टाकू."

तात्यांनी ओठ मिटून तोंड भिंतीकडे फिरवले.

"लाजलं!" कुणीतरी हसले. एकाने हनुवटी धरायला हात पुढे केला.

आजी उठली. तिने आपला तळवा तात्यांच्या तोंडावर ठेवला.

"चमचा खिशात ठिवा, सर्जेराव."

"वयनी, आसं करू नका. शेवटचं हाय."

"सात म्हैने हे घरात तोंड लपवून बसलं, तवा आला न्हाय. आता मिटवायची लई घाई झाली? तुमचं मिटावं म्हणून ह्यांनी गुदमरायचं व्हय?"

"आवं, पाणीच तर हाय..."

"व्हय, पाणीच. त्यानं ह्यांचं डोळं पांढरं हुत्यात, ते दिसंना तुमाला? गोकुळ, समद्यास्नी भाईर च्या दे. ज्याला पाया पडायचं, त्यानं उंबऱ्यावरनं पडावं."

पप्पा दारात उभे होते. सर्जेराव त्यांच्याकडे बघत राहिले, पोराने आईला गप्प करावे म्हणून. पप्पा खाली बघून म्हणाले, "चला, च्या घ्या."

खोली रिकामी झाल्यावर आजीने आतून कडी घातली. आम्ही दोघींनी तात्यांना कुशीवर वळवले, डोक्याखाली दुसरी उशी दिली. आजीने ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले, आधी खालचा, मग वरचा. बाहेर आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "रीतभात उरली न्हाय ह्या घरात." आजी जागची हलली नाही. कुणीतरी दोनदा कडी वाजवली. आम्ही उघडली नाही.

घरघर उतरायला वेळ लागला. एक वाजून वीस मिनिटांनी तात्यांचा डोळा लागला. तीन वाजून पाच मिनिटांनी उघडला. एक तास पंचेचाळीस मिनिटे.