बराबर जुंपलेले बैल

केदारखेड्यात तीन दिवसांपासून एक माणूस वही घेऊन हिंडत होता, आणि त्याच्या हिंडण्याने कचरूची झोप उडाली होती. नाव धर्मराज, औरंगाबादच्या कॉलेजातला मास्तर. 'बराबर' हा एकच शब्द लोक कुठेकुठे वापरतात, ते टिपायला आलो असे तो सांगे. एका शब्दापायी कोणी एवढी पायपीट करते काय? आणि शब्दच हवा, तर बोलणाऱ्याचे नाव, वय, तारीख कशाला?

सोमवारी भोकरदनच्या तहसीलात कुळांची चौकशी होती. नव्या कायद्याने कसणाऱ्याचे नाव जमिनीला लागणार होते. पण कचरूने वावर केव्हाच शेजारच्या भुजंगाच्या हवाली केले, असा अर्ज मालक काकासाहेबांनी दिला होता. म्हणून वहीवाला दिसला की कचरू ओठ मिटून घेई.

आज तो शेतातून आला, तर मास्तर त्याच्याच ओसरीवर! चुलीपाशी कचरूची बायको द्वारकाबाई बोलत होती आणि तो मान खाली घालून लिहीत होता.

"शेंगा बराबर भाजल्या का पाहा, मास्तर. पोरगी मावशीबराबर परतूरला गेली, नाहीतर तिनंच भाजल्या असत्या."

कचरूने वही हिसकावली. "जबानी घेऊन राह्यले का? काकासाहेबानं धाडलं तुम्हाला?"

"आवं, शब्द लिहून राह्यले ते," द्वारकाबाई म्हणाली.

"तुला शब्द दिसतो, मला वावर जाताना दिसतं!"

"वाचून दाखवतो," मास्तर म्हणाला. "नको ते पान फाडा."

पण वाचणारा तोच, मग विश्वास कसा ठेवायचा? कचरूने समोरच्या कापडदुकानातून वाचता येणाऱ्या सायरबाईंना बोलावले. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली.

"'द्वारकाबाई, वय चाळीस. बैल आमचा एक, भुजंगभाऊचा एक. दोन्ही बराबर जुंपून आधी आमचं वावर पेरतो, मंग त्यांचं. तीन सालं झाली.'"

एकेकच बैल असलेल्यांनी अशी जोडी लावायची, ही गावची जुनी सावड. भुजंग त्याच्या वावरात दिसे तो एवढ्यासाठीच. सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट अर्जाच्या उत्तरात सांगायची असते, हे खुद्द कचरूलाही सुचले नव्हते.

"फारसीत 'बर' म्हणजे छाती," मास्तर सांगू लागला. "छातीला छाती, म्हणजे बराबर."

"छातीला छाती तर कुस्तीतबी लागती अन् गळाभेटीतबी!" सायरबाई हसल्या. "कचरू-भुजंगाचं यातलं कोणतं, ते सोमवारी कळंल."

कचरू हसला नाही. मास्तरकडे वळून तो म्हणाला, "माझ्याबराबर भोकरदनला येता, हेच सांगायला?"

"येतो." मास्तरचा हात नकळत खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

"हे लिहायचं न्हाई," कचरू म्हणाला. "अन् वही तवर माझ्यापाशी राहील."

त्याने ती फडक्यात घट्ट बांधली आणि आढ्याला टांगली.