पहिल्या आगीनंतर

मी एक शेगडी बोलतेय. अंगणात वांगी भाजायची ती छोटी शेगडी नव्हे. मंगोलियातल्या नालाइख गावी, जाड नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल घरात मधोमध बसलेली, कोळसा खाणारी, छपरातून धुराडं बाहेर काढलेली धिप्पाड लोखंडी शेगडी. बाहेर श्वास गोठतो तेव्हा घरातली माणसं माझ्या जिवावर जगतात. म्हणून तर माझा संताप जास्त आहे.

बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. लग्न ठरल्यावर तुमेन मला घ्यायला आला, सोबत त्याची होणारी बायको उयांगा. मला जोडणारा कारागीर फटकळ होता. म्हणाला, "नवी शेगडी तापली की तिचे नट ढिले होणारच. पहिल्या आगीनंतर तिला पूर्ण गार करा आणि धुराड्याचा पट्टा पुन्हा आवळा. नाहीतर सगळा धूर घरात." तुमेन मोबाइलमध्ये डोकं घालून "हो हो" करत होता. कुठला पाना लागेल हे विचारून घेतलं ते उयांगाने.

लग्नाच्या दिवशी सासूने, दुलमाने, आपल्या शेगडीतले निखारे आणून माझ्यात घातले. सुनेने त्यावर पहिला चहा केला. आमच्याकडे रीतच आहे ती. आईच्या घरची आग मुलाच्या घरी येते, आणि ती आग म्हणजे सगळं कूळ. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू!

पण थोड्याच दिवसांत माझं अंग सैल झालं. जाळी खडखडू लागली, दार लागेना, धुराड्याचा पट्टा हलायला लागला. उयांगा डोकं धरूनच उठायची. शेवटी ती शेजारच्याच घरात राहणाऱ्या सासूकडे गेली आणि तिला बोलावून माझी अवस्था दाखवली.

"आई, शेगडी एकदा गार होऊ दे. नट आवळून टाकते."

"गार? अजून लग्नाचे कपडे घडी करून ठेवले नाहीस, आणि माझी आग विझवायला निघालीस?"

"मग निखारे तेवढ्यापुरते तुमच्या शेगडीत ठेवू. लगेच परत आणू."

"दिलेली आग परत घेतली की मुलाचा संसार मोडतो, बाई. माहेरी कुणी शिकवलं नाही वाटतं!"

बिचारीने जळत्या शेगडीचेच नट पिळायचा प्रयत्न केला. पान्याबरोबर बोल्ट धरायला घेतलेला पेचकस हातात दिसताच दुलमाने तिच्या मनगटावर फटका मारला. "आगीवर टोकदार लोखंड रोखतेस? कसली अवदसा आणलीय घरात!"

तुमेन सूप ओरपत होता. "आई म्हणते तर राहू दे ना," एवढंच म्हणाला. ढिल्या नटांपेक्षा या माणसाच्या ढिलेपणाची मला जास्त चीड आली.

एका दुपारी उयांगा पाणी आणायला गेली होती. दुलमाच्या घरात गारठा होता, म्हणून ती माझ्याजवळ येऊन पलंगावर लवंडली. तिचा डोळा लागला. तेवढ्यात माझी जाळी एका बाजूने खाली बसली, मला हिसका बसला आणि सैल पट्ट्यातून धुराडं निसटलं. मी ओरडू शकत नव्हते. जो धूर छपराबाहेर जायचा, तो मी त्या म्हातारीच्या तोंडावर ओकत राहिले.

उयांगाने दार उघडलं. सासू हाकेला ओ देईना. तिने तिला फरफटत बाहेर काढून बर्फावर ठेवलं, अंगावरचा कोट काढून पांघरला. पण त्या थंडीत म्हातारी बाहेर किती टिकणार? आधी घर धुरातून मोकळं करायला हवं होतं. ती खोकत आत आली, क्षणभर माझ्यासमोर उभी राहिली, आणि आणलेलं सगळं पाणी तिने माझ्या पोटात ओतलं. आगीवर पाणी! याहून मोठं पाप आमच्याकडे नाही, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

धूर निघून गेल्यावर उयांगाने दुलमाला आत आणलं, तेव्हा ती शुद्धीवर आली. तिने माझ्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आग कुणी विझवली?"

"आई, तुम्ही मेला असता."

"मेले असते तर चाललं असतं! माझ्या घराण्याची आग विझवलीस तू."

संध्याकाळी तुमेन आला. उयांगा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने बुटांवरचा बर्फ झटकला, पुन्हा झटकला. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. त्याने तिचं गाठोडं गाडीत ठेवलं, तेवढा मात्र तो कामाला आला.

मग मी गारच होते, म्हणून त्याने सावकाश माझे सगळे नट आवळले. आणि दुलमाने पुन्हा आपल्याकडचे निखारे आणले. दुसऱ्यांदा! या वेळी कुठलीच रीत आड आली नाही.

आता मी अगदी ठणठणीत आहे. दुलमा रोज माझ्याकडे गुडघे करून बसते, शेजारणीला चहा देते आणि सांगते, "शेगडी फार चांगली हो. त्या पोरीचा हातच वाईट होता." ते ऐकत मला तिचे गुडघे शेकावे लागतात. उयांगा, तू जिथे असशील तिथे ऐक, तुझं काहीही चुकलं नाही. हे या घरात फक्त मला माहीत आहे, आणि मला कुणी विचारत नाही.