मोरीत अडकलेला सोफा

सासूबाईंनी खाडी वाचवायची ठरवली, तेव्हा चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाई पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. वय एक्क्याऐंशी. गुडघे कुरकुरायचे, पण आवाज अजूनही मागच्या बाकापर्यंत पोचायचा. गेल्या वर्षी त्या लेकीकडे, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांच्या घरी, राहायला आल्या आणि खिडकीतून रोज दिसणारी खाडी त्यांच्या डोळ्यांत सलायला लागली. रस्त्याखाली एक दगडी मोरी होती. पूर्वी भरतीचं पाणी त्या मोरीतून पलीकडच्या दलदलीत पसरायचं आणि ओहोटीला परत जायचं. आता मोरी कचऱ्यानं गच्च तुंबली होती. पलीकडची खारफुटी वाळून काड्या झाली होती, आणि साचलेल्या डबक्याचा असा वास मारायचा, की घरी पाहुणे आले की आधी खिडक्या लावायच्या, मग ‘या, बसा’ म्हणायचं.

सासूबाईंनी गल्लीतली एकेक बेल वाजवायला सुरुवात केली. ज्यांनी दार उघडलं नाही त्यांच्याकडे त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. महिनाभरात चाळीस माणसं गोळा झाली. खाडीचा अभ्यास करणारी एक संशोधक मुलगीही आली. सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर काठाचा नकाशा पसरला, त्याचे बारा पट्टे पाडले आणि पेन्सिल कानामागे खोचली.

चष्मेवाल्यांची अडचण सातव्या पट्ट्यात होती.

लग्नात सासूबाईंनी लेकीला एक सोफा दिला होता. अस्सल लाकडाचा, हातांवर सिंहाची तोंडं कोरलेला. दिसायला राजेशाही आणि बसायला शिक्षा. त्यात बसलेला माणूस दोघांनी ओढल्याशिवाय उठत नसे. अकरा वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांनी बायकोला कसंबसं पटवलं, की आपण हा वृद्धाश्रमाला देऊन टाकू. बायको माहेरी गेल्यावर ते टेम्पोत घालून खरंच घेऊनही गेले. वृद्धाश्रमाच्या मॅनेजरनं सोफ्यात बसून बघितलं, त्याला उठवायला दोन परिचारिका आल्या, आणि उठल्या उठल्या त्यानं हात जोडले. परत येताना टेम्पोवाला घाईत होता. मोरीपाशी गाडी थांबवून म्हणाला, “इथेच टाका की साहेब, सगळे इथेच टाकतात.” चष्मेवाल्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि टाकला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण बायकोला त्या दानाचा इतका अभिमान वाटला, की ती दर वर्षी सोफ्याला नवी कव्हरं शिवून चष्मेवाल्यांच्या हाती आश्रमात पाठवू लागली. आणि सासूबाई येईल त्याला सांगायच्या, “जावई असावा तर असा.”

“जावईबापू, तुम्हाला कुठला पट्टा देऊ?” सासूबाईंनी विचारलं.

“सातवा!”

“मोरीचं तोंड? अहो, सगळ्यात जास्त घाण तिथेच आहे.”

“म्हणून तर, आई.”

बायकोनं त्यांच्याकडे अशा काही कौतुकानं बघितलं, की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात समोर बसलेले गल्लीतले सलूनवाले खाकरले. “सातवा मला हवाय,” ते म्हणाले. “मला गाळाची सवय आहे.”

“तुम्हाला कशी काय सवय?”

“असते एकेकाला.”

दोघंही हट्टाला पेटले. शेवटी सासूबाईंनी दोघांची नावं सातव्या पट्ट्यात लिहिली आणि बेकरीवाल्यांकडे वळल्या. त्यांना अकरावाच पट्टा हवा होता आणि दुसरा कुठलाही चालणार नव्हता.

रविवारी सकाळी नऊला पूर्ण ओहोटी होती. संशोधक मुलीनं सगळ्यांना काठावर उभं करून बजावलं, “चिखलात एका जागी उभं राहू नका. पाय रुतला तर घट्ट काहीतरी धरा आणि हाक मारा. अकराला पाणी परत येईल, त्याआधी सगळे वर.” चष्मेवाल्यांनी मान डोलावली. त्यांनी छत्रीच्या पिशवीत एक करवत लपवून आणली होती. सोफ्याचे गुपचूप तुकडे करायचे, पोत्यात भरायचे, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असा त्यांचा बेत. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, त्यामुळे छत्रीबद्दल तिघांनी विचारलं.

पण सलूनवाले बाजूला हटतील तर शपथ.

“तुम्ही पलीकडून सुरुवात करा ना,” चष्मेवाले म्हणाले.

“पलीकडे तुम्ही जा. इथे मी बघतो.”

“मला इथूनच बरं पडतं.”

दोघं एकमेकांवर डोळा ठेवून अर्धा तास प्लॅस्टिकच्या बाटल्या वेचत राहिले. मग चष्मेवाल्यांना मोरीच्या तोंडाशी, काळ्या गाळातून वर आलेला सिंहाचा जबडा दिसला. करवत चालवायची सोय नव्हती. सलूनवाल्यांची पाठ वळलेली बघून त्यांनी जबड्यावर पाय दिला आणि सगळा भार टाकून त्याला खाली दाबलं. सोफा तसूभरही हलला नाही. पाय मात्र घसरला आणि चष्मेवाले कमरेपर्यंत गाळात गेले.

“धरा, धरा!” म्हणत सलूनवाले धावले आणि तेही गुडघ्यापर्यंत रुतून बसले.

आता लाजून चालणार नव्हतं. दोघांनी मिळून अशी बोंब ठोकली, की बाराही पट्ट्यांतली माणसं धावत आली. दोर फेकला गेला. सलूनवाल्यांना बेकरीवाल्यांनी बखोटीला धरून वर घेतलं. चष्मेवाल्यांनी दोर कमरेला बांधला आणि घाबरून जे घट्ट हाती लागलं त्याला मिठी मारली. तो सिंह होता.

“सोडा ते!” संशोधक मुलगी ओरडली.

चष्मेवाले सोडेनात. मग चाळीस माणसांनी दोर ओढला. आधी चष्मेवाले हलले, मग सिंह हलला, मग ‘भस्स’ असा मोठा आवाज झाला आणि माणूस नि सोफा एकदमच बाहेर आले. सोफ्यामागून एक सलूनची फिरती खुर्ची आली. खुर्चीमागून पलीकडे वर्षानुवर्षं कोंडलेलं काळं पाणी सुटलं आणि ओढणाऱ्यांच्या पहिल्या तीन रांगा नखशिखांत न्हाऊन निघाल्या.

“मोरी उघडली!” संशोधक मुलगी त्या चिखलात नाचायला लागली. “दगडी कमानीत हा सोफाच बुचासारखा बसला होता! सगळं ह्याच्याच मागे अडकलं होतं!”

तिच्याइतका आनंद दुसऱ्या कुणालाच झालेला दिसला नाही. चष्मेवाल्यांची बायको काठावरून खाली आली. तिनं ओढणीच्या टोकानं सिंहाच्या नाकावरचा गाळ पुसला.

“अहो, आश्रमातला सोफा इथे कसा?”

“वाहत आला असेल, वहिनी,” सलूनवाले मदतीला धावले.

“आश्रम डोंगरावर आहे.”

सलूनवाले स्वतःच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

“आणि मी शिवलेली कव्हरं? अकरा वर्षांची?”

“दुकानाच्या माळ्यावर आहेत,” चष्मेवाले पुटपुटले. “एकही टाकलं नाही गं. ती टाकायला हात धजला नाही.”

बायको पुन्हा सिंहाचं नाक पुसायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं चष्मेवाल्यांना वाटलं. ते सासूबाईंकडे वळले. आता जे काय ऐकायचं ते ऐकून घेऊ, म्हणून त्यांनी मान खाली घातली. तर सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसता हसता त्यांना उचकी लागली.

“आई, हसतेस काय? तुझा सोफा आहे हा!”

“माझा कुठला? माझ्या सासूबाईंचा,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “वीस वर्षं काढली मी त्याच्यात. तुझं लग्न ठरलं तेव्हा म्हटलं, सुटले बाई एकदाची!”

“तू तर म्हणाली होतीस, खास बनवून घेतलाय!”

“होताच बनवून घेतलेला. कुणी, ते तू विचारलं नाहीस.”

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि हातातलं पोतं खाली टाकून घराकडे चालू लागली. सासूबाईंचं हसू मावळलं. मग त्या बाकीच्यांकडे वळल्या.

“तुम्ही काय गंमत बघताय? मी नकाशा पसरला तेव्हा जो तो आपला पट्टा बोट ठेवून सांगत होता. उगाच का? बेकरीवाले, अकराव्या पट्ट्यात काय सापडलं?”

“भट्टीचे पत्रे,” बेकरीवाले चिखलाकडे बघत म्हणाले.

मग कुणाचा फ्रीज निघाला, कुणाची गादी. अकराच्या आत सगळं काठावर आलं. आणि पाणी परत आलं. आधी मोरीत एक बारीक चमक दिसली. मग पाणी कमानीखालून आत शिरलं, पलीकडे वाळलेल्या खोडांच्या मुळाशी गेलं, आणि फुटलेल्या चिखलाच्या भेगा एकेक करून भरत गेलं. चष्मेवाले ओल्या कपड्यांत तिथेच बसून राहिले. घरी जायची घाई त्यांना तशीही नव्हती.

बायको चार दिवस बोलली नाही, दोघांशीही. सासूबाई आणि जावई टेबलावर समोरासमोर बसून मुकाट्यानं जेवायचे आणि आपापली ताटं आपण घासायचे. पाचव्या दिवशी ती दुकानात आली, शिडी लावून माळ्यावर चढली. अकरा गठ्ठे ओळीनं ठेवलेले, प्रत्येकावर वर्षाचं लेबल, आत डांबराच्या गोळ्या. ती वरच बसून एकेक गठ्ठा सोडून बघू लागली. खाली चष्मेवाले एका गिऱ्हाइकाला उलटा टांगलेला अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होते.

“पुन्हा खोटं बोललात तर खबरदार,” ती वरून म्हणाली. “आणि चवथ्या वर्षाची शिवण किती वाकडी आलीय हो! सांगायचं तरी होतं.”

गिऱ्हाईक म्हणालं, “मला काहीच वाचता येत नाहीये.” चष्मेवाल्यांनाही त्या क्षणी येत नव्हतं.

खाडीचं काम मात्र एवढ्या झटपट झालं नाही. पहिल्या खेपेला लावलेल्या खारफुटीच्या तीनशे रोपांपैकी निम्मी खेकड्यांनी कुरतडली. दुसऱ्या खेपेला लाटांनी ओळच्या ओळ उपटून नेली. संशोधक मुलगी म्हणाली, पाणी येत-जात राहिलं की बिया आपल्या आपण रुजतील, आपण फक्त मोरी मोकळी ठेवायची. तशी ती ठेवली गेली. आळीपाळीनं, दर रविवारी ओहोटीला.

वर्षभरानं एका सकाळी मोरीतल्या पाण्याची उंची मोजायची पाळी चष्मेवाल्यांच्या घरची होती. ते पट्टी धरून मोरीपाशी वाकले होते, बायको वहीत आकडे लिहीत होती. खोडांच्या मधे वीतभर उंचीची, कुणीही न लावलेली रोपं उभी होती, आणि त्यांच्यातून एक छोटा पक्षी शेपटी नाचवत चालला होता.

“अहो, कुठला हो पक्षी तो?”

चष्मेवाल्यांनी बघितलं. त्यांचा चष्मा चिखलानं बरबटला होता. “बगळा,” ते ठामपणे म्हणाले.

“तुतवार!” काठावरच्या खुर्चीतून सासूबाई गरजल्या. पक्षी उडाला.

“आई, उडवलास ना!” बायको म्हणाली, आणि मग चष्मेवाल्यांकडे वळून, “काय आकडा सांगत होतात?”

“बासष्ट.”

“नक्की?”

त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, पुन्हा वाकून बघितलं. “एकसष्ट,” ते म्हणाले. तिनं एकसष्ट लिहिलं.