आजीचं मौन आणि भिंगरीची बाटली

मूल रडलं की त्याच्या तोंडात काहीतरी द्यावं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हात आपोआप पुढे जातो. मूल गप्प होतं, घर शांत होतं आणि आपल्याला वाटतं, चला, पोराचं पोट भरलं. ही गोष्ट अशाच एका घरातली आहे. तुमच्या-माझ्या घरातलीही असू शकेल, म्हणून जरा मनावर घेऊन वाचावी.

त्या घरात अडीच वर्षांची एक मुलगी होती. दिवसभर घरभर गरगरायची, म्हणून आजीनं तिचं नाव ठेवलं होतं भिंगरी. तिच्या हाती बाटली कधी दिसायची नाही, कारण ती असायची दातांत. निपल दातांखाली घट्ट धरायचं, दोन्ही हात मोकळे ठेवायचे आणि कामाला लागायचं. बाटली हनुवटीखाली हत्तीच्या सोंडेसारखी डुलत राहायची. कामं तरी किती! चपला एका रांगेत लावणं, उशा ओढत नेणं, बाबानं आणलेल्या कापडाच्या चिंध्या टोपलीतून काढून परत टोपलीत भरणं. जेवायला बसवलं की मात्र ओठ मिटायचे. दोन घास भात आणि अर्धं केळं, की झालं जेवण. होणारच, पोटात दूध डुचमळत असायचं.

भिंगरीचा बाबा घराखालच्या दुकानात जुन्या खुर्च्यांना आणि सोफ्यांना नवं कापड चढवायचा. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. साडेआठला दोघं बाहेर पडले, की घरात उरायच्या आजी आणि नात.

आजी देवभोळी होती, पण तिच्या भक्तीत गाजावाजा नव्हता. नवरा गेला त्या वर्षापासून तिनं एकच नेम धरला होता. रोज सकाळी नऊ ते दहा मौन. खिडकीशेजारच्या खुर्चीत बसायचं, हातात जपमाळ घ्यायची आणि ओठ मिटायचे. अकरा वर्षांत ताप आला, पाहुणे आले, पण नेम चुकला नाही. एकदा गॅसवर दूध उतू गेलं, तेव्हा तिनं उठून गॅस बंद केला, पण तोंडातून ‘अगं बाई’ एवढंही निघू दिलं नाही. या गोष्टीचं तिला मनातल्या मनात थोडं कौतुकही होतं.

एका संध्याकाळी भिंगरीचे दात घासताना तिची आई थबकली. काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधायची तिच्या डोळ्यांना सवय. हिरड्यांलगत खडूसारखी पांढरी रेघ आणि तिच्या कडेला तपकिरी ठिपके तिला लगेच दिसले. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको मुलीला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई साठीला टेकलेल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी भिंगरीचं डोकं मांडीवर घेतलं, ओठ अलगद वर केला आणि बराच वेळ पाहिलं. वरचे चार दात किडायला लागलेत, त्या म्हणाल्या. दूध वाईट नाही, पण बाटलीतून तासन् तास थेंब थेंब ओढलं, की ते दातांवर बसून राहतं. साखर घातली असेल तर विचारूच नका. यावर बाबा धीर एकवटून म्हणाला, दुधाचेच दात आहेत, कधीतरी पडणारच की.

“पडायला चार वर्षं आहेत अजून,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तोवर ती चावणार कशानं आणि हसणार कशानं?”

मग त्यांनी विचारलं, मुलगी किती शब्द बोलते? आईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या हाताची गरज पडली नाही. डॉक्टरीणबाईंनी कान तपासून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या की सारखं तोंड भरलेलं असलं, तर बोलायला जागा कुठून मिळणार? बाटली सोडवायची रीत त्यांनी समजावून दिली. दिवसाच्या बाटल्या आधी एकेक करून बंद करायच्या, झोपतानाची शेवटी. दूध द्यायचं ते जेवणाबरोबर, पेल्यातून, बिनसाखरेचं. मध्ये तहान लागली तर पाणी. तीन आठवड्यांनी परत दाखवायचं. कीड थांबली तर लेप लावून, बुजवून दात वाचवता येतील. नाही थांबली, तर भूल देऊन चारही काढावे लागतील.

भूल हा शब्द ऐकून आईचा चेहरा उतरला, तो घरी येईपर्यंत तसाच होता.

त्या दिवशी घरात ठराव झाला. एकेक करायलाही धीर नव्हता, दिवसाच्या बाटल्या एकदमच पिशवीत भरून घराबाहेर गेल्या. झोपेपुरती एक राहिली, पुढे तीही गेली. भिंगरीनं आकांत मांडला. आई तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायची, स्वतःही मुसमुसायची, पण बाटली दिली नाही. खाली दुकानात बाबाच्या हातातली सुई रड ऐकून थांबायची. ठरावाच्या वेळी सगळ्यांत जोरात मान हलवली होती ती आजीनं. डॉक्टरांचं बरोबर आहे, लाड पुरे झाले, असंही ती म्हणाली होती.

आणि तसं तिला खरंच वाटत होतं. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळचे नऊ वाजले. आजी खुर्चीत बसली, भिंगरीनं तिचे गुडघे धरून भोकाड पसरलं. एरवी आजीनं तिला चिमणी दाखवली असती, गाणं म्हटलं असतं, चार शब्दांत समजूत घातली असती. पण मौनात समजूत घालायची कशी? आजीनं पाच मिनिटं कळ काढली. मग उठून चादरींच्या कपाटातून एक बाटली काढली. नवी कोरी, कधीकाळी जास्तीची आणून ठेवलेली, सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली. दूध भरलं, पोर लवकर शांत व्हावी म्हणून अर्धा चमचा साखर घातली आणि ओठांवर बोट ठेवून ती तिच्या हाती दिली. भिंगरी खुर्चीच्या पायाशी मांडी घालून बसली. तासभर घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

एकच तर बाटली, आजीनं मनाला सांगितलं. आणि तीही देवाच्या कामासाठी. दहा वाजता ती बाटली धुवायची, पुसायची आणि चादरींखाली सारून ठेवायची. एकदा लपवलं की माणसाला दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी जड जातं. आजीचं तसंच झालं. दिवसांमागून दिवस गेले.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी ओठ वर केला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कीड पुढे सरकली होती. कुठून तरी चालू आहे, एवढंच त्या म्हणाल्या. आठवडाभर वाट पाहू, नाहीतर दात काढायचा दिवस ठरवू. परतताना बाबानं दोनदा बायकोकडे पाहिलं.

पुढचा सुट्टीचा दिवस उजाडला. एरवी सुट्टीच्या सकाळी आई पोरीला बागेत न्यायची, आज मात्र सगळे घरीच होते. नऊला आजी नेमाप्रमाणे खुर्चीत बसली. तिला वाटलं, आज आई आहे घरात, पोरीला ती सांभाळेल. पण पोरीला सुट्टी काय ठाऊक? नऊची वेळ झालेली तिनं आजीच्या हातातल्या माळेवरून ओळखली. तुरुतुरु कपाटापाशी गेली, चादरींच्या घडीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाटली काढून थेट आईच्या पुढ्यात धरली. दूध भरून दे, असा तिचा अर्थ.

बाबानं ती बाटली पाहिली. मग कपाट पाहिलं.

“मी खाली बसून तिची रड ऐकायचो,” तो बायकोला म्हणाला. “वर येऊन उचलून घ्यावंसं वाटायचं, तरी आलो नाही. आणि तू कपाटात बाटली लपवतेस?”

“मी नाही ठेवली.”

“चादरींचं कपाट कोण लावतं?”

“मीच लावते. धुतलेल्या चादरी वर ठेवते, तळाशी कोण बघतं?” तिचा आवाज चिरकला. “अरे, तिला भूल द्यायचं म्हणतायत. मी देईन का तिला चोरून दूध?”

त्याचा विश्वास बसला नव्हता, हे त्याच्या पाठमोऱ्या उभं राहण्यातून दिसत होतं.

आजीच्या बोटांतला मणी तिथंच अडकला. घड्याळात नऊ वीस झाले होते. दहाला सांगते, तिनं ठरवलं. चाळीस मिनिटांचा तर प्रश्न. अकरा वर्षांचा नेम चाळीस मिनिटांसाठी कशाला मोडायचा? आणि तेवढ्यात भिंगरी तिच्याजवळ आली. आईकडून दूध मिळालं नव्हतं. म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्या इवल्याशा डोक्यात आलं असावं. ती खुर्चीच्या पायाशी मांडी घालून बसली, ओठ गच्च मिटले, त्यांवर बोट ठेवलं आणि शहाण्या मुलीसारखी वाट पाहू लागली.

आता आजीला उमगलं. पोर मुकी नव्हती. गप्प बसलं की गोड दूध मिळतं, हे तिला रोज एक तास शिकवलं जात होतं! आणि शिकवणारी कोण? जिनं तिला अंगाखांद्यावर वाढवलं ती आजी. समोर सून डोळे पुसत होती, सासूच्या चुकीचा ठपका स्वतःवर घेऊन. आणि आपण मात्र देवाचं नाव पुढे करून तोंड मिटून बसलोय. ही भक्ती कसली? हा तर आडोसा झाला.

“तिला बोलू नकोस रे,” आजी म्हणाली. “बाटली मी देते. रोज.”

सगळ्यांत आधी बोलली ती सून, आणि बोलली ते काय?

“आई, तुमचं मौन...”

“मोडलं,” आजी म्हणाली. “आधीच मोडायला हवं होतं. ये सूनबाई, इकडे माझ्याजवळ.”

बाबा बायकोशेजारी येऊन बसला. चूक त्याच्या आईची, पण बायकोवर विश्वास न ठेवण्याची चूक त्याची स्वतःची होती, आणि ती त्याला कळली. मी उगाच तुला बोललो, असं तो पुटपुटला. नुसतं उगाच म्हणून भागणार नाही, चहा कर सगळ्यांना, असं तिनं नाक ओढत सुनावलं. तो निमूटपणे उठला.

दुसऱ्या दिवशी आजी स्वतः भिंगरीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि साखरेच्या अर्ध्या चमच्यासकट सगळं सांगून टाकलं. सांगताना मान वर करवत नव्हती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.

“आजी, अकरा वर्षं नेम सांभाळणं सोपं नाही,” त्या म्हणाल्या. “पण मौन हे तुमचं व्रत आहे, तिचं नाही. तुमच्या शांततेसाठी तिच्या तोंडाला बूच लावलंत, तर ती शांतता तुमची कमाई कशी? उपास आपण करावा, लेकराला उपाशी ठेवू नये.”

मग देवाचं नाव घेणं सोडू का, असं आजीनं काकुळतीनं विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. सोडायला कोण सांगतंय? मोठ्यानं घ्या की, तिलाही ऐकू द्या.

आजीनं ते शब्द घट्ट धरले. मौन तिनं दुपारी नात झोपायच्या वेळेवर नेलं. सकाळचा तास झाला बोलण्याचा. पहिल्या दिवशी भिंगरी दहापर्यंत रडली, आजी दहापर्यंत बोलत राहिली. कुणाचा घसा आधी बसतो याचीच जणू शर्यत. दुसऱ्या दिवशी पेला आला आणि निम्मं दूध लादीवर गेलं. भिंगरीनं फडकं आणून ते पुसलं आणि परत सांडलं, कारण पुसायला मजा आली होती. पाचव्या दिवशी तिनं पेला दोन्ही हातांनी धरून रिकामा केला आणि दुपारी भाताचा दुसरा वाडगा मागितला. मागितला म्हणजे तोंडानं मागितला: “आजी, अजून.”

पुढे शब्दांना पूर आला. भिंगरी खिडकीतून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला हाक मारायची, बाबाच्या सुईला “टोच” म्हणायची आणि आजीनं माळ हातात घेतली की तिच्याबरोबर मोठमोठ्यानं देवाचं नाव घ्यायची, निम्मं चुकीचं. आजी ते चूक तसंच राहू द्यायची.

चारांपैकी दोन दात वाचले, दोन काढावे लागले. त्या दिवशी भूल उतरेपर्यंत आजी दवाखान्यातल्या बाकावर सुनेचा हात धरून बसली होती. हसताना आता भिंगरीच्या तोंडात एक खिडकी दिसते. बागेत कुणी ना कुणी विचारतंच, आई नोकरी करते ना, लक्ष नसेल. तेव्हा आजी थांबते आणि हळू पण स्वच्छ आवाजात सांगते, “आईचं लक्ष होतं हो. बाटली मी देत होते.” मग शेजारी बसून बाटली कशी सोडवायची तेही समजावते. ऐकणाऱ्या एखाद्या आजीचा हात आपल्या नातवाच्या बाटलीकडे जातो आणि तिथंच थबकतो.

वाचकहो, मूल रडतं तेव्हा त्याला काही सांगायचं असतं. ते ऐकायला वेळ लागतो, आणि तो वेळ वाचवायला आपण त्याच्या तोंडात बाटली देतो. बाटली योग्य वयात सोडवावी, ती घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवावी, आणि चुकलं तर ज्याचं चुकलं त्यानं सांगावं. ज्या घरात मोठी माणसं खरं बोलतात, तिथलं लेकरू बोलायला घाबरत नाही. अशा घरात देवालाही वेगळं बोलवावं लागत नाही.